विश्लेषण : पॅनिक अटॅक आणि अँग्झायटी अटॅक यांत फरक काय? छातीत धडधडल्यास आधी काय करावे?

रात्रपाळीत काम सुरू असताना अचानक छातीत धडधड वाढते, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात. ‘आता आपण वाचत नाही’ असे वाटते. ईसीजी मात्र नॉर्मल येतो. मग कुणी पित्त म्हणते, कुणी टेन्शन. पिरंगुटसारख्या औद्योगिक पट्ट्यात असा त्रास नेमका कशाचा, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

पॅनिक अटॅक म्हणजे काय?

तीव्र भीतीची ही लाट अचानक येते आणि काही मिनिटांतच टोक गाठते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या निदान पुस्तिकेत त्याची १३ लक्षणे दिली आहेत. धडधड, घाम, थरथर, छातीत दुखणे, चक्कर, मरणाची भीती अशांपैकी किमान ४ एकाच वेळी दिसावी लागतात. झटका बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तो झोपेतही येऊ शकतो.

मग अँग्झायटी अटॅक?

हा शब्द सर्रास वापरला जात असला, तरी ‘डीएसएम-५’मध्ये या नावाचे निदानच नाही. लोक तो वापरतात ते हळूहळू साचत जाणाऱ्या चिंतेसाठी. कर्जाचा हप्ता, नोकरी, मुलांची परीक्षा असे कारण सहसा समोर असते. झोप उडते, मान-खांदे आखडतात, चिडचिड होते. त्रास काही तास किंवा अनेक दिवस राहतो. अशी अनावर चिंता ६ महिने बहुतेक दिवस राहिली, तर डॉक्टर चिंताविकाराचा विचार करतात.

एकाच घटनेतून दोन्ही त्रास कसे?

७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळच्या उरवडे येथे रासायनिक कंपनीला आग लागून १७ कामगारांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतांश महिला होत्या. अशा दुर्घटनेतून वाचलेल्या व्यक्तीला पुढे कधी धुराच्या नुसत्या वासानेही पॅनिक अटॅक येऊ शकतो. दुसऱ्या कारखान्यातील कामगाराने ती आग पाहिलेलीही नसते; पण ‘आपल्याकडे असे झाले तर?’ हा विचार त्याला रोज कामावर जाताना पोखरत राहतो. ती चिंता. दोघांचा त्रास खरा, पण उपचारांची दिशा वेगळी असू शकते.

हृदयविकार नाही, हे कसे ओळखायचे?

घरच्या घरी ओळखता येत नाही. म्हणून पहिल्याच वेळी असा त्रास झाला, वेदना हात किंवा जबड्याकडे सरकली, मधुमेह वा रक्तदाब असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढावा. थायरॉइडच्या विकारातही धडधड होते, त्यामुळे रक्ततपासणीही गरजेची असते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा घरगुती उपाय टाळावा. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असेल, तर तो घातक ठरू शकतो.

रिपोर्ट नॉर्मल आले, पुढे काय?

‘काही झालेले नाही’ असे म्हणून विषय संपत नाही. पुन्हा झटका येईल या धास्तीने माणूस बस, लिफ्ट, मग कामावर जाणेही टाळू लागतो. झटके वारंवार, विनाकारण येत असतील आणि ही धास्ती महिनाभर टिकली, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो. समुपदेशनातील विचार-वर्तन उपचार आणि गरजेनुसार औषधे यांनी तो बरा होऊ शकतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास मराठीतही बोलता येते. पुण्यात ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत. डॉक्टरांकडे जाताना झटका केव्हा आला, किती मिनिटे टिकला आणि त्याआधी काय घडले, हे मोबाइलवर टिपून न्यावे. निदानाला त्याची मोठी मदत होते.