चटई क्षेत्र कळले, आता घरातले साहित्यही कळू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई.

विषय : घरात बसवलेले बोर्ड, रंग व चिकटद्रव्ये यांचा तपशील विक्री करारात बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

2016 च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची एकच व्याख्या ठरवून दिली. त्याआधी जिना, लॉबी आणि भिंतींची जाडी ‘सुपर बिल्ट-अप’च्या आकड्यात मिसळून घरे विकली जात आणि वापरायला किती जागा मिळणार हे ताबा मिळेपर्यंत नीट कळत नसे. 2024 मध्ये आपण पार्किंगची लांबी, रुंदी, उंचीही करारात लिहायला लावली. घराच्या मापाबाबतचा अंधार अशा रीतीने बराच कमी झाला. घर कशाचे बनले आहे याबाबतचा मात्र तसाच आहे. बिल्डर बसवून देतो ते दरवाजे, किचन ट्रॉल्या, कपाटे आणि भिंतींचे रंग कोणत्या साहित्याचे आहेत आणि त्यातून घरातल्या हवेत काय मिसळते, हे सांगणारे एक पानी पत्रक प्रत्येक विक्री कराराला जोडणे आपण बंधनकारक करावे, एवढीच या पत्राची मागणी आहे.

ही मागणी चैनीची नाही, आरोग्याची आहे. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे पातळ थर, तंतू किंवा चुरा चिकटवून केलेल्या फळ्या. स्वस्त बोर्डांत चिकटवण्याचे काम बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ करते. उष्णता आणि ओलावा मिळाला की ही राळ हळूहळू विघटित होते आणि फॉर्माल्डिहाइड वायू सुटत राहतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुढे ते घटत जाते, पण ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहू शकते. डोळे चुरचुरणे आणि घसा खवखवणे ही त्याची लगेच जाणवणारी लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. घरातल्या हवेत तो घनमीटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा संघटनेने 2010 मध्ये सुचवली. कॅटरिना वादळातील बेघरांना दिलेल्या ट्रेलर-घरांत हा वायू घातक प्रमाणात आढळल्यावर अमेरिकेतही जाग आली आणि 2010 मध्ये तिथे बोर्डांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा झाला. फ्रान्समध्ये बांधकाम व सजावटीच्या साहित्यावर उत्सर्जनाची श्रेणी छापणे सक्तीचे आहे.

आपली घरे हवेशीर असतात, त्यामुळे ही काळजी थंड देशांपुरती आहे, असे कोणी म्हणेल. वारा खेळत असेल तर वायू विरतो, हे खरे. पण मुंबई-कोकणची दमट हवा आणि विदर्भाचा उन्हाळा या दोन्हींमुळे बोर्डातून सुटणारा वायू वाढतो. शिवाय आजची शयनगृहे एसीसाठी रात्रभर बंद असतात आणि पावसाळ्यात तर खिडक्या दिवसाही लावलेल्या असतात. त्या बंद खोलीत सर्वाधिक वेळ जातो तो तान्ह्या बाळांचा, वृद्धांचा आणि आजाऱ्यांचा.

रंगांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे, कारण तिथे कायदा आधीच आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा केंद्राचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. लहान मुलांच्या मेंदूला शिसे अगदी अल्प प्रमाणातही बाधते. रक्तातली त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. तरीही दारांना आणि ग्रिलला लावलेला पिवळा किंवा लाल ऑइलपेंट या नियमात बसतो की नाही, हे घर घेणाऱ्याला कळण्याची सोय नाही. डबा रंगाऱ्याबरोबर निघून जातो आणि नियम डब्यावरच राहतो. करारात रंगाचे नाव आणि प्रकार नोंदवलेला असेल, तर निदान विचारणा करायला आधार मिळेल.

पर्यावरणाचा विचारही याच पत्रकाशी जोडलेला आहे. ‘लाकूड वाचवा’ म्हणून प्लायवूडला दोष देणे चूक ठरेल. देशातले बरेचसे प्लायवूड शेताच्या बांधावर वाढवलेल्या पॉपलर आणि निलगिरीपासून तयार होते आणि ते शेतकऱ्याला उत्पन्न देते. उसाच्या चिपाडापासूनही पार्टिकल बोर्ड बनतो. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हा मार्ग सोयीचाच आहे. पण चिपाडाचा बोर्डही त्याच युरियाच्या राळेने चिकटवला असेल, तर कच्चा माल कितीही हरित असो, खोलीतली हवा बिघडायची ती बिघडणारच. म्हणून जाहिरातीतल्या ‘इको-फ्रेंडली’ या शब्दावर विसंबता येत नाही. लाकूड कुठले, राळ कोणती आणि उत्सर्जनाचा वर्ग कोणता, हे तिन्ही एकत्र कळले तरच निवड करता येते.

खर्च वाढेल, हा आक्षेप बांधकाम व्यावसायिक घेतील. कमी उत्सर्जनाचा बोर्ड काहीसा महाग पडतो, हे मान्य. पण येथे कोणत्याही मालावर बंदी मागितलेली नाही. जो वापरला तो लिहा, इतकेच म्हणणे आहे. ई-1 वर्गाच्या एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डात दर शंभर ग्रॅममागे फॉर्माल्डिहाइड 8 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते, आणि पुरवठादाराकडून अशा चाचणीचा दाखला मागवणे कोणत्याही प्रकल्पाला जड नाही. ‘असले तपशील वाचतो कोण?’ हा दुसरा आक्षेप. चटई क्षेत्राबद्दलही तेच म्हटले जात होते. आज फ्लॅट पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. माहिती समोर आली की ती वाचणारे तयार होतात. बहुतेक फर्निचर लोक नंतर स्वतः करून घेतात, मग बिल्डरला का धरायचे, असाही प्रश्न येईल. पण करारात एकदा ‘ई-1’ वाचलेला ग्राहक सुताराशी बोलतानाही तेच मागेल. त्यात सुताराचेही हित आहे, कारण बंद खोलीत बोर्ड कापताना तो वायू आणि लाकडाची धूळ दोन्ही सर्वात आधी त्याच्याच छातीत जातात. आणि लाकडाची धूळही कर्करोगकारकांच्या त्याच पहिल्या गटात आहे.

स्थावर संपदा कायद्याच्या कलम 37 नुसार आपण बंधनकारक निर्देश देऊ शकता. कलम 14 प्रमाणे ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर्जातील दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. मात्र कोणता दर्जा ठरला होता हे लिहिलेलेच नसेल, तर दोष सिद्ध कसा करायचा? आदर्श करारनाम्याला फिटिंग्ज आणि सुविधांची जोडपत्रिका आहेच. तिच्यात बोर्डाचा प्रकार व उत्सर्जन वर्ग, चिकटद्रव्य, रंग व शिशाबाबतचा दाखला आणि लाकडाचा स्रोत, हे चार रकाने वाढवावेत. सुरुवात नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रकल्पांपासून करावी, म्हणजे चालू बांधकामांची अडचण होणार नाही. आयुष्याची कमाई घालून घर घेणाऱ्याला आपण रोज काय श्वासात घेणार हे सही करण्यापूर्वी कळले पाहिजे, आणि ते कळवण्याची व्यवस्था राज्यात आज आपल्याच हाती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक घरग्राहक