‘बसणे’ आणि ‘जुळणे’

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला. टॅक्सी म्हणून तिचे आयुष्य संपले. मोटार म्हणून मात्र ते संपलेले नाही. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत पत्र्याच्या शेडखाली, उसाच्या ट्रॉलीशेजारी किंवा बंद गोठ्यात एखादी पद्मिनी, अँबॅसिडर वा जुनी जीप आजही धूळ खात उभी असलेली आढळते. वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहून वडिलांनी घेतलेली ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी असे मुलाला वाटते. या इच्छेत कृतज्ञता आहे आणि काटकसरही आहे. म्हणूनच हा छंद ज्या रीतीने पार पाडला जातो, त्या रीतीकडे थोडे गंभीरपणे पाहणे आवश्यक आहे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने या मोटारी बनवल्या. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. गंमत अशी की, शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, टाटांच्या भागीदारीतील फियाटचा मोठा कारखाना उभा आहे. परंतु त्याच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर एखाद्याची पद्मिनी उभी असली, तरी तिच्या पुढच्या चाकाची स्प्रिंग त्याला तेथे मिळणार नाही. ती शोधण्यासाठी त्याला पुण्याचा जुना बाजार, नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने किंवा मुंबईतील भंगाराचे व्यापारी यांचे उंबरे झिजवावे लागतात. मूळ भाग सहसा हाती लागत नाही; हाती लागतो तो ‘चालण्यासारखा’ भाग. स्प्रिंग एका गाडीची, शॉकअप दुसऱ्या गाडीचा, रबरी बुश तिसऱ्याच कोणत्या तरी कंपनीचे, असा संसार जमतो. मिस्त्री एकच कसोटी लावतो : बसते की नाही? जेथे बसत नाही तेथे लेथवर घासून, वॉशर घालून किंवा वेल्डिंग करून बसवले जाते. गाडी उभी राहते, चालते आणि मालक समाधानाने पैसे देतो.

खरा प्रश्न येथेच सुरू होतो. बसणे ही मापाची गोष्ट आहे. जुळणे ही कार्याची गोष्ट आहे. स्प्रिंगने वजन पेलायचे आणि खड्ड्याचा धक्का झेलायचा असतो. शॉकअपने स्प्रिंगची उसळी आपल्या तेलात जिरवायची असते. एकीची ताठरता आणि दुसऱ्याचा विरोध परस्परांच्या हिशोबाने ठरवलेला असतो. मूळ शॉकअपवर अधिक ताठर स्प्रिंग चढवली, तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी झोके घेत राहते आणि चाकाची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते. ब्रेक आणि स्टिअरिंग या दोहोंची सारी सत्ता त्या पकडीवरच अवलंबून असते. आखूड स्प्रिंग घातली, तर चाकांचा कल बदलतो, टायर एका बाजूने झिजतात आणि मोठ्या गतिरोधकावर धक्का थेट सांगाड्याला बसतो. मागच्या पाट्यांत ‘वजनासाठी’ एक पाटा वाढवला, तर गाडीची मागची बाजू ताठ होते आणि वळणावर तीच आधी घसरते. डावीकडे नवा व उजवीकडे जुना शॉकअप असेल, तर जोराने ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली जाऊ शकते. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत यातले काहीही दिसत नाही. ते दिसते पुणे-नगर महामार्गावर, किंवा शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून चौफुल्याकडे जाताना, समोर उसाची ट्रॉली अचानक थांबते तेव्हा.

या ठिकाणी अर्थशास्त्रातील एका सिद्धान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. रिचर्ड लिप्सी आणि केल्व्हिन लँकेस्टर यांनी 1956 साली असे दाखवून दिले की, उत्तम स्थितीसाठी लागणाऱ्या अनेक अटींपैकी एक जरी पाळता येत नसेल, तर उरलेल्या अटी पाळत राहणे हितावहच ठरेल असे नाही. एखादी अपूर्णता कायम ठेवून दुसरीकडे केलेली ‘सुधारणा’ एकूण परिस्थिती बिघडवूही शकते. हा सिद्धान्त मोटारींसाठी मांडलेला नव्हता; तथापि जुन्या गाडीला तो तंतोतंत लागू पडतो. झिजलेल्या बुशांवर आणि थकलेल्या सांगाड्यावर परदेशी बनावटीचा महागडा शॉकअप बसवणारा मालक गाडी सुधारतो असे त्याला वाटते. वस्तुतः तो एका भागाची किंमत वाढवून संपूर्ण गाडीची विश्वासार्हता कमी करत असतो. सुट्या भागांचा दर्जा वेगवेगळा मोजून त्यांची बेरीज केल्याने गाडीचा दर्जा निघत नाही.

मग असे का घडते? यास मिस्त्रीचे अज्ञान जबाबदार आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले होते की, विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेथे चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. भंगारातील स्प्रिंगच्या बाबतीत तर विकणाऱ्यालाही तिचे गुण ठाऊक नसतात. तिच्यावर ना ताठरतेचा आकडा, ना बनावटीचे वर्ष. अशा बाजारात किंमत ठरते ती रंगावरून. शिवाय मालक रंगकामाचे आणि चकाकीचे पैसे आनंदाने मोजतो. मोजमापाच्या दोन दिवसांचे पैसे मागितले की त्याच्या कपाळाला आठी पडते. ज्याचे मोल कोणी देत नाही ते काम कोणी करत नाही, हा बाजाराचा साधा नियम आहे. आणि चुकीची किंमत एकटा मालकच मोजतो असेही नाही. रस्त्याच्या कडेने सायकल हाकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती मोजावी लागू शकते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. मूळ भाग मिळतच नसतील, तर पर्यायी भाग वापरण्यावाचून गत्यंतर काय? पर्यायी भागांवर बंदी घातली, तर या गाड्या भंगारातच जातील आणि ग्रामीण कारागिरांचे एक कसबही त्यांच्याबरोबर नष्ट होईल. हे खरे आहे. मोठ्या उत्पादकांचे हात या बाबतीत स्वच्छ आहेत असेही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळू दिली जात नाही, हा त्यामागील मुख्य ठपका होता. पुढे प्रकरण अपिलात गेले. परंतु रोगाचे निदान त्यामुळे खोटे ठरत नाही. तालुक्याचा मिस्त्री अंदाजाने काम करतो, कारण आकडे त्याच्यापर्यंत पोहोचूच दिलेले नाहीत.

कायद्याची नजरही येथे अपुरी पडते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांतील व्याख्या सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा असे सांगते. पाटे, स्प्रिंग व शॉकअप यांचा तीत नामनिर्देश नाही. म्हणजे गाडी दिसायला अस्सल असावी याची काळजी घेतली गेली. ती अस्सलपणे थांबावी व वळावी याची तितकी स्पष्ट काळजी घेतली गेली नाही.

उपाय खर्चिक नाहीत. साखर कारखान्यांमुळे या दोन तालुक्यांत वजनकाट्यांची वाण नाही. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा काट्यावर घेतला, तर कोणत्या चाकांवर किती भार पडतो हे काही मिनिटांत कळते. ठाऊक वजनाखाली स्प्रिंग किती दबते हे मोजले की तिची ताठरता निघते. शॉकअपची उघडी व मिटलेली लांबी फूटपट्टीने मोजता येते. एवढे चार-पाच आकडे कागदावर उतरवूनच पर्यायी भाग निवडायचा, तो नेहमी जोडीने बदलायचा आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यायचे, एवढी शिस्त पुरेशी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि तंत्रनिकेतनांनी जुन्या गाड्यांच्या अशा नोंदी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या व त्या गॅरेजांना खुल्या केल्या, तर विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल आणि मिस्त्रीला आधार. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा जो विचार सुरू केला, त्यात मोटारींचाही समावेश आहे. बंद पडलेल्या वाहनांचे तांत्रिक तपशील जाहीर करण्याचे बंधन उत्पादकांवर घालण्यास तेथे वाव आहे.

या भागातील शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. विहिरीत पाणी किती, पाइपाचा व्यास किती आणि चढ किती, हे न पाहता नुसती मोठी मोटर बसवली तर पाणी वाढत नाही, मोटर मात्र जळते, हे तो अनुभवाने शिकला आहे. तोच हिशोब त्याने शेडमधल्या गाडीला लावावा. वडिलांची गाडी जतन करायची ती केवळ दसऱ्याला हार घालण्यासाठी नसेल, तर तिच्यावर खर्च होणारा पहिला रुपया रंगावर नव्हे, मोजमापावर पडला पाहिजे.