एका थेंबात तीन लवंगा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘नैसर्गिक आरोग्य’ या विषयावर कार्यक्रम झाला. चहा होता, शेजारणीचा आग्रह होता, म्हणून मीही गेले. टेबलावर तपकिरी काचेच्या दहा-दहा मिलीच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. लॅव्हेंडर, लिंबू, पेपरमिंट, निलगिरी, लवंग. बोलणाऱ्या ताई हसतमुख होत्या आणि आवाज असा की समोरच्यानं मान डोलवायलाच हवी. “सकाळी कोमट पाण्यात लिंबाच्या तेलाचे दोन थेंब टाकून प्यायचे. लिंबू कापायची कटकट नाही, क जीवनसत्त्वही पोटात जातं.” मागच्या रांगेतून एका आजींनी विचारलं, “मग लिंबूच का नको?” थोडा हशा झाला आणि ताईंनी पुढची बाटली उचलली.

मला विचाराल तर अख्ख्या कार्यक्रमातला शास्त्रीय प्रश्न तो एकच होता. लिंबाचं क जीवनसत्त्व रसात असतं आणि ते पाण्यात विरघळतं. तेल असतं सालीत, बारीक बारीक पिशव्यांमध्ये, आणि त्यात क जीवनसत्त्वाचा मागमूसही नसतो. लहानपणी संत्र्याची साल निरांजनाच्या ज्योतीवर पिळून तडतड ठिणग्या कुणी उडवल्या नाहीत? ते जळायचं ते हेच तेल. शिष्टाचार म्हणून मी लिंबाच्या तेलाची एक बाटली घेतली होती, साडेआठशे रुपयांची. घरी येऊन ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाकले. ते विरघळले नाहीत, वर तवंग धरून बसले. मग मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा काढला आणि त्यावर एक थेंब सोडला. बघता बघता तुकड्याला खळगा पडला. लिंबाच्या तेलातलं लिमोनीन थर्माकोल विरघळवतं, त्यात गूढ काही नाही. पण पाण्यावर तरंगणारा तो तवंग रोज सकाळी अनशापोटी घशाखाली उतरवायचा का, हे ठरवायला मला तेवढं पुरलं.

तेलांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. उलट या प्रकाराशी आपलं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात, नंदुरबारच्या बाजूला, रोशा गवताच्या भट्ट्या पेटायच्या. गवत पाण्यात उकळायचं, वाफ नळीनं बाहेर काढून गार करायची, वर जमणारं तेल निथळून घ्यायचं. त्या गवताच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती, त्यात मोतियाला भाव जास्त. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळलं जायचं. जगाला गुलाब म्हणून खानदेशचं गवत हुंगायला लावलं, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. गाटफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९३७ साली त्या नावाचं पुस्तक काढलं. तोही अत्तरांच्याच धंद्यातला.

भांडण आहे ते मात्रेशी. परवा दहा ग्रॅम लवंगांची पुडी आणली आणि दुपारी बसून मोजली. १०८ निघाल्या, अगदी जपमाळेसारख्या. लवंगेत वजनाच्या पंधरा ते वीस टक्के तेल असतं. म्हणजे दहा मिलीच्या एका बाटलीत साठेक ग्रॅम, सहाशेच्या वर लवंगा झाल्या. बाटलीतून साधारण दोनशे थेंब निघतात, तेव्हा एका थेंबात तीन लवंगा. आठ माणसांच्या मसालेभातात मी पाच घालते, आणि त्यातल्याही दोन-तीन कुणीतरी पानाच्या कडेला काढून ठेवतं. “रोज चार थेंब मधातून” असं ताई ज्या सहजपणे म्हणाल्या, ते म्हणजे एका माणसानं एका घोटात डझनभर लवंगा खाणं. दाढ दुखते म्हणून मीही एकदा या तेलाचा बोळा धरला होता. तो सरकून हिरडीवर बसला आणि दोन दिवस तिथली कातडी पांढरी पडून सोलवटली. या तेलातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात, पण झिंक ऑक्साइडमध्ये कालवून, दाढेत नेमक्या जागी.

या सदराचं नाव ‘डावी बाजू’ आहे ते उगीच नाही. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे वाढतात आणि बोटाच्या टोकानं खातात. सुगंधी तेलं आपण पिढ्यान् पिढ्या खात आलो आहोत, फक्त बाटलीतून नाही. ही तेलं पाण्यात उतरत नाहीत, स्निग्धात उतरतात. फोडणीचं सगळं शास्त्र एवढंच. जिरं तडतडलं की त्याचा वास तेलात जातो आणि तेलाबरोबर पातेलंभर आमटीत पसरतो. आच लागली की ही सुगंधी तेलं उडून जातात, म्हणून कोथिंबीर शेवटी पेरायची आणि वेलदोड्याची पूड खीर उतरवल्यावर घालायची. गवती चहावर झाकण ठेवा असं आई ओरडायची. झाकणाच्या आतून जे थेंब परत पातेल्यात पडतात, ते वाऱ्यावर गेले तर उरतो फक्त गरम पाण्याचा चहा. गोडा मसालाही फडताळातल्या अंधारात, घट्ट झाकणाच्या बरणीतच राहतो. त्या तपकिरी बाटल्यांचं कारणही तेच.

आता कुणी म्हणेल, आजीच्या बटव्यातसुद्धा हेच होतं. होतं, पण तिथे मोजमाप होतं. बाळगुटी उगाळताना सहाणेवर हळकुंडाचे वळसे किती, वेखंडाचा किती, हे बाळाच्या महिन्यांवर ठरायचं. बोलता बोलता एक वळसा जास्त झाला तर आजी पुसून पुन्हा सुरुवात करायची. आपल्या भाषेत औषधालाही मात्रा म्हणतात आणि प्रमाणालाही. अर्थात म्हणून बाळगुटी पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर सांगतात. वेखंडाला तर अमेरिकेत खाद्यपदार्थांमध्ये बंदी आहे. आजीचं सगळंच बरोबर होतं असं नाही, पण तिचा हात जपून होता.

मुलांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. चमचाभर निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर गुंगी येते, झटके येऊ शकतात. कापराचंही तसंच. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनामुळे बेडसाठी माणसं वणवण फिरत होती तेव्हा, कापूर-लवंग-ओवा-निलगिरीची पुरचुंडी हुंगल्यानं ऑक्सिजन वाढतो असा निरोप प्रत्येकाच्या फोनवर आला होता. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं हे खरं. ते मेंदूला थंडाव्याची चाहूल लागल्यामुळे वाटतं, रक्तातला ऑक्सिजन त्यानं हलत नाही. “पण नैसर्गिक आहे ना?” धोतराही नैसर्गिकच आहे. तो आपण महादेवाला वाहतो, चटणी करून खात नाही.

खरं औषध म्हणून ही तेलं कुठे उपयोगी पडतात, तेही सांगायला हवं. चिडक्या आतड्याच्या विकारात पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा फायदा होतो, अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत तिचा उल्लेख आहे. पण त्या कॅप्सूलला मुद्दाम असं आवरण देतात की ती पोटात न फुटता आतड्यात फुटावी. तेच तेल थेट जिभेवर घेतलं तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावते आणि जळजळ वाढते. भरपेट जेवणानंतर “एक थेंब जिभेवर” सांगणाऱ्या ताईंनी नेमकं उलटं सांगितलं. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तीन कोरडे खडे एकत्र ठेवले की आपोआप पाणी होतात, हा चमत्कार तुम्ही पाहिला असेल. लाहोरमध्ये १९०१ पासून विकली जाऊ लागलेली अमृतधारा याच जातीची, आणि तिच्या नावावरून ‘लक्ष्मणधारा’वाल्यांशी झालेल्या भांडणाचा निकाल १९६२ साली थेट सुप्रीम कोर्टात लागला होता. तेव्हाही भाव नावालाच होता.

आजही तसंच आहे, फक्त आता नाव शेजारणीच्या तोंडून येतं. २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तेल विकणाऱ्या कंपन्यांना ताकीदपत्रं धाडली, कारण त्यांचे विक्रेते इबोलासुद्धा बरा होतो असं सांगत होते. आपल्याकडे मधुमेहासारख्या रोगांवर अक्सीर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. पण सोसायटीच्या हॉलमधल्या गोड गप्पांना जाहिरात कोण म्हणणार? आणि ज्या मैत्रिणीनं माल भरून ठेवलाय, तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मीही म्हणाले नाहीच.

कार्यक्रमाचा दुसरा भाग होता ‘आरोग्यदायी आहार’. तो दहा मिनिटांत उरकला, कारण विकायला काही नव्हतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जो आहार सुचवला, त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. लवंगा मोजल्या त्या दिवशी मी काटा काढलाच होता, म्हणून माझी भाजीही तोलली. सकाळी कोबी, रात्री दुधी, जेवताना चार काकडीच्या चकत्या. सगळं मिळून १९० ग्रॅम. आहारावर सदर लिहिणाऱ्या बाईच्या पानात निम्मीसुद्धा भाजी नाही! त्या दिवसापासून डावीकडची कोशिंबीर वाटीत वाढून घेते आहे. पानाची रीत थोडी मोडली, पण वाटी रिकामी होते.

लिंबाच्या तेलाचं काय केलं ते राहिलंच. जुन्या जॅमच्या बरणीवरचं चिवट लेबल गरम पाण्यानं निघत नव्हतं. कापसावर चार थेंब घेऊन चोळलं, डिंकासकट सुटून आलं. बरणी साबणानं दोनदा धुतली, दिवसभर उन्हात ठेवली आणि त्यात लिंबाचं लोणचं घातलं. अजून मुरायचं आहे.