टेबल मिळालं, चूल कुठाय?



हॉटेलच्या दारावर 'कामगार पाहिजेत' अशी पाटी लागते तेव्हा तिच्यावर जात लिहिलेली नसते. ती आत गेल्यावर वाचायला मिळते. तव्यासमोर कोण उभा आहे, गल्ल्यावर कोण बसलाय, टेबल कोण पुसतोय, मोरीत भांडी कोण घासतोय आणि संडासात फिनेल कोण ओततोय, हे एकदा नजर फिरवून बघा. मनूला नवी स्मृती लिहायची गरज उरलेली नाही. हॉटेलच्या ड्युटी-चार्टवर ती रोज सकाळी लिहून येते.

या अंकात हॉटेलच्या नोकरीवर लिहायचं कारण साधं आहे. सरकारी भरती आटली. गिरण्यांचे मॉल झाले. मी ज्या गोदीत ओझं उचलतो तिथं क्रेन आणि कंटेनरनं माणसं कमी केली. आता आमच्या पोरांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो : हॉटेल लाइनमध्ये जा. तिला आता 'हॉस्पिटॅलिटी इंडस्ट्री' असं वजनदार नाव आहे. मराठीत सांगायचं तर पाहुणचाराचा धंदा. ज्या समाजानं आमच्या बापजाद्यांना दोन हजार वर्षं ओंजळीत वरून पाणी ओतलं, तो आता पाहुणचार विकतोय, आणि त्यात आम्हाला नोकरी देतोय. कुठली नोकरी, हे तरी विचारायला पाहिजे की नाही?

माझा तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती. कापूस, तूर, सोयाबीन. आमच्या वस्तीत सातबारा असलेली घरं बोटावर मोजावीत. बाकी सगळे निंदणाला, वेचणीला दुसऱ्याच्या वावरात. बारावी झालेला पोट्टा घरी बसला की बडनेऱ्याच्या, अमरावतीच्या भिंतीवरची जाहिरात वाचतो : 'हॉटेल मॅनेजमेंट, सहा महिने, शंभर टक्के नोकरी'. असाच एक आमचा पोट्टा गेल्या साली गेला. मायनं कानातले विकून फी भरली. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात किचनमध्ये लावतो म्हणून सांगितलं होतं. तिथल्या साहेबानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात कोणत्या बाजूला राहता ते. दुसऱ्या दिवसापासून तो 'किचन स्टुअर्डिंग'मध्ये. म्हणजे काय, तर भांडी. खरकटं काढायचं, मशीनमध्ये लावायचं, कढया हातानं घासायच्या. त्याच्या मायला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भांडेच घासाचे होते त इतले पैसे कायले भरले बाप्पा?" हॉटेलचं नाव मी छापत नाही. एक हॉटेल बदनाम होईल आणि बाकीचे हात धुऊन मोकळे होतील.

शब्दांची ही लबाडी ओळखा. भांडी घासणं झालं स्टुअर्डिंग. झाडू मारणं झालं हाऊसकीपिंग. संडास धुणं झालं 'पब्लिक एरिया'. टाय दिला, बूट दिले, छातीवर बिल्ला लावला; त्यावर फक्त पहिलं नाव, आडनाव नाही. पाहुण्याला जात कळू नये एवढी काळजी. मॅनेजरला मात्र ती पहिल्या दिवशीच कळलेली असते.

काही शहाणे म्हणतील, कुठलंही काम हलकं नसतं. कबूल. हमालाला हे शिकवू नका, तो रोज जगतो. पण मग शुद्ध शाकाहारी भटारखान्यातल्या आचाऱ्याला अजून 'महाराज' का म्हणतात? आणि त्या महाराजाला एक महिना संडासाच्या ड्युटीवर का लावत नाहीत? कामाची प्रतिष्ठा फक्त आम्हालाच का शिकवली जाते? पुण्यात सप्टेंबर 2017 मध्ये हवामान खात्यातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीण बाईवर पोलिसात तक्रार केली. गुन्हा काय, तर जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला, देव बाटवला. बोंब झाल्यावर तक्रार मागे घेतली. ती स्वयंपाकीण मराठा होती. मराठ्याच्या हातानं ज्यांचा देव बाटतो, त्यांच्या भटारखान्यात आमचा हात कुठून पोचणार? आणि हे फक्त जुन्या पेठांत चालतं असं समजू नका. मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा काढला, त्याला हिरवे कपडे. लाल कपड्यातला पोरगा म्हणजे बाटलेला, हे सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा लांबून कळावं अशी सोय. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले. कपडे गेले. ज्या डोक्यातून ते आले होते ते डोकं तिथंच आहे.

आम्हाला स्वयंपाक येत नव्हता असंही नाही. इंग्रज साहेबांच्या बंगल्यात बटलर कोण होते, बबर्ची कोण होते? गोव्याचे ख्रिस्ती होते, मुसलमान होते, आणि इकडे महार, तिकडे दक्षिणेत परैयार. सवर्ण हिंदू गाईच्या मटणाला हात लावत नव्हता, साहेबाचं उष्टं उचलत नव्हता. आमच्या आज्या-पणज्यांनी सूप केलं, पुडिंग केलं, टेबलावर काटे-चमचे मांडले. म्हणजे ज्याला आज हॉस्पिटॅलिटी म्हणतात तिचे या देशातले जुने कारागीर आम्ही. साहेब गेला, हॉटेलं उभी राहिली, आणि तेच हात एकदम चुलीपासून मोरीपर्यंत मागे ढकलले गेले.

आता कायदा बघा. 1917 साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. एकाही हिंदू खाणावळीत जागा मिळाली नाही. पारशी सरायीत पारशी नाव लावून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी बाहेर काढलं. मुंबईत एक आख्यायिका सांगतात की गोऱ्यांच्या हॉटेलात शिरू दिलं नाही म्हणून जमशेटजी टाटांनी ताज बांधलं. खरं-खोटं काहीही असो, ताज 1903 ला उघडलं. बाबासाहेबांकडे हॉटेल बांधायला पैसा नव्हता. त्यांनी संविधान लिहिलं. कलम 15(2) : दुकान, उपाहारगृह, हॉटेल, कुठंही जातीवरून अडवता येणार नाही. कलम 17 : अस्पृश्यता नष्ट. 1955 ला कायदा आला. 1976 च्या दुरुस्तीनंतर त्याचंच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं.

गिऱ्हाईक म्हणून आम्ही जिंकलो, निदान कागदावर. खिशात पैसे असतील तर टेबल मिळतं. पण गिऱ्हाईक होणं वेगळं आणि चुलीवर हक्क असणं वेगळं. नोकरीतल्या समान संधीचं कलम 16 सरकारच्या नोकरीपुरतं. खाजगी हॉटेलमालकाला राखीव जागांचं बंधन नाही. तरी 1976 च्या दुरुस्तीतल्या दोन गोष्टी आमच्या पोरांनी पाठ केल्या पाहिजेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कामावर लागायला आडकाठी करणं हाही गुन्हा धरला. आणि कलम 7-क : अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला मैला काढायला, झाडू मारायला भाग पाडणं हीसुद्धा अस्पृश्यताच. मालक अर्थातच 'महार म्हणून घेत नाही' असं लिहून देत नाही. तो म्हणतो, अनुभव नाही, पर्सनॅलिटी नाही, इंग्रजी नाही. म्हणूनच एकट्यादुकट्यानं लढून हे सिद्ध होत नाही. एकाच हॉटेलात दहा जणांना एकाच दारातून मोरीकडे पाठवलं असेल, तर दहा जणांच्या नोंदी एकत्र आल्या पाहिजेत.

सरकारी हॉटेलं होती तोवर एक दार उघडं होतं. हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही एअर इंडियाची, म्हणजे सरकारची कंपनी. सरकारी म्हणून तिथं राखीव जागा. 2002 साली वाजपेयी सरकारनं तिची मुंबईतली दोन्ही सेंटॉर हॉटेलं विकली. जुहूचं 153 कोटींना. विमानतळाजवळचं 83 कोटींना, आणि घेणाऱ्यानं ते काही महिन्यांतच 115 कोटींना दुसऱ्याला विकलं. पेपरात गाजलं ते 32 कोटींच्या फरकाचं प्रकरण. भिंतींबरोबर आमच्या राखीव जागाही विकल्या गेल्या, त्याची किंमत कुठल्याही कागदावर लावली नव्हती. आमच्या पुढाऱ्यांनीही ती विचारली नाही.

आता नांदगावकडे परत येतो. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला. जमीन ज्याच्या नावावर, मोबदला त्याला. भूमिहीनाला काय मिळालं? जुन्या रस्त्याच्या कडेला निदान चहाची टपरी टाकता यायची, भजे तळता यायचे. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण. मोटरसायकललाही बंदी, म्हणजे आमच्या पोट्ट्याकडे जे वाहन आहे ते त्यावर चालतच नाही. खायची-प्यायची ठिकाणं होतात ती आखून दिलेल्या जागी, ठेक्यानं, मोठ्या भांडवलवाल्याकडे. आपल्याच तालुक्यातून मुंबई-नागपूरची भूक भरधाव जाते आणि आपला माणूस कुंपणाबाहेरून बघतो. आणि हा जिल्हा कुणाचा? गाडगेबाबांचा. महार वारकऱ्यांना पंढरपुरात कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, तेव्हा या झाडूवाल्या माणसानं चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि 1949 ला ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. शाळा न शिकलेल्या त्या माणसाचा पाहुणचार आणि पंचतारांकित पाहुणचार, यातला माणसाचा कोणता ते तुम्हीच ठरवा.

मग करायचं काय? हॉटेलात जायचंच नाही? तसं मी म्हणत नाही. जायचं, पण दार बघून जायचं.

एक. भिंतीवरच्या सहा महिन्यांच्या दुकानांना पैसे देऊ नका. दादरला केंद्र सरकारचं हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज 1954 पासून आहे. 6 डिसेंबरला आम्ही लाखांनी ज्या दादरला उतरतो, त्याच दादरला. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यायची. अनुसूचित जातींना 15 टक्के, जमातींना साडेसात टक्के जागा राखीव. मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे. दरवर्षी चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. आपल्या शाखांनी या परीक्षेचे फॉर्म भरून देणारा एक स्टॉल लावावा.

दोन. कामावर लागताना कोणत्या खात्यात, कोणत्या हुद्द्यावर, हे नेमणुकीच्या कागदावर लिहून घ्या. किचनची शिडी ठरलेली आहे : कॉमी थ्री, टू, वन, मग शेफ द पार्टी, सू शेफ, आणि वर एक्झिक्युटिव्ह शेफ. खालच्या पायरीवर राबायला लाज नाही, पण पायरी शिडीची असावी. मोरीला शिडी लावलेली नसते. तिथं बहुतेक ठिकाणी कंत्राटदार असतो आणि अकरा महिन्यांनी नवा कागद.

तीन. आमच्या गोदीत पूर्वी टोळीवाला म्हणेल त्याला काम मिळायचं. 1948 च्या कायद्यानं रजिस्टर आलं, कार्ड आलं. 1969 ला महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला पगार, फंड, ग्रॅच्युइटी देतं. 1981 ला वॉचमनसाठी असंच मंडळ झालं. मग हॉटेल कामगारांसाठी का नाही? त्यांना काय पोट नाही? किमान वेतन आता 2019 च्या वेतन संहितेत गेलंय, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. संहिता मालकाला दंड सांगते, पण भटारखान्याच्या मागच्या दारानं आलेल्या पोराला हजेरीपटावर कोण आणणार? त्यासाठी मंडळच पाहिजे. ही मागणी आपण घेऊन उठू.

चार. चौदा वर्षांखालच्या पोराला हॉटेलात, धाब्यावर ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 'ए बारक्या' म्हणून हाक ऐकू आली की चहा पिऊन उठू नका. त्याचं वय विचारा.

पाच. स्वतःची चूल. रेल्वेच्या केटरिंग धोरणात लहान स्टॉलांमध्ये अनुसूचित जाती-जमातींचा वाटा राखून ठेवलेला आहे. बडनेरा जंक्शनवर आपले स्टॉल किती आणि आपल्या नावावर दुसऱ्याचे किती, हे अमरावतीच्या शाखेनं मोजावं. आणि समृद्धीच्या खाण्यापिण्याच्या ठिकाणी ज्या तालुक्यांतून रस्ता गेला तिथल्या भूमिहीनांना वाटा, ही मागणी नांदगाव, चांदूर, धामणगाव या तिन्ही तहसीलींवर मोर्चानं न्यावी.

स्वतःची चूल म्हटलं की काही जण हसतात : आपल्या हातचं कोण खाणार? कोल्हापूरला गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल टाकलं, तेव्हाही हेच म्हणत होते. मराठ्यांच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेला तो माणूस. शाहू महाराजांनी त्यांना धंदा काढायला लावला आणि मग स्वतः गाडी थांबवून, बरोबरच्या सरदार-दरकदारांसकट, त्यांच्या हातचा चहा प्यायले. राजा प्यायल्यावर बाकीचे प्यायले.

आता राजे नाहीत, आणि कुणा राजानं येऊन आपला कप तोंडाला लावावा अशी वाट बघायची आपल्याला गरज नाही. आपण गिऱ्हाईक म्हणूनच लाखांनी आहोत. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, भीमा कोरेगावला आपण जेवढं खातो त्यावर किती चुली पेटतात याचा हिशेब करा. ज्या हॉटेलात आपली पोरं फक्त मोरीत आहेत, त्या हॉटेलच्या टेबलावर बसून आपण बिल भरायचं का, हा प्रश्न आजपासून प्रत्येकानं मॅनेजरला विचारावा. मोठ्यानं विचारावा. उत्तर मिळेपर्यंत उठू नये.

जय भीम.