विश्लेषण: आफ्रिकेचा फुटबॉल कप आता चार वर्षांनी, हा निर्णय नेमका कुणाच्या सोयीचा?

मोरोक्कोची राजधानी रबातमध्ये २१ डिसेंबर २०२५ ला यजमान संघ आणि कोमोरोस यांच्यातल्या सामन्याने आफ्रिका कप ऑफ नेशन्स, म्हणजेच 'आफकॉन' सुरू झाली. आफ्रिकेतल्या पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची ही सगळ्यात मोठी स्पर्धा. २४ संघ, मोहम्मद सलाह, सादिओ माने, अश्रफ हकिमी यांच्यासारखे खेळाडू आणि १८ जानेवारी २०२६ ला अंतिम सामना. पण स्पर्धेचा पहिला चेंडू पडण्याच्या आदल्या दिवशीच एका घोषणेने सगळं लक्ष वेधून घेतलं.

आफ्रिकन फुटबॉल महासंघाचे, म्हणजे 'कॅफ'चे अध्यक्ष पॅट्रिस मोत्सेपे यांनी जाहीर केलं की २०२८ नंतर ही स्पर्धा दर दोन वर्षांऐवजी दर चार वर्षांनी होईल. वरवर पाहता हा नुसता वेळापत्रकातला बदल वाटतो. पण खेळाडू घडवणारा एक आणि त्याच्या खेळाच्या तारखा ठरवणारा दुसराच, हा जुना वाद त्यामुळे पुन्हा वर आला आहे.

नेमकं काय बदलणार?

पुढची स्पर्धा ठरल्याप्रमाणे २०२७ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा या तीन देशांत होईल. त्यानंतर २०२८ मध्ये एक स्पर्धा होईल आणि मग थेट २०३२ मध्ये. मधली पोकळी भरून काढायला २०२९ पासून दरवर्षी 'आफ्रिकन नेशन्स लीग' खेळवली जाईल. विजेत्याचं बक्षीसही ७० लाख डॉलरवरून १ कोटी डॉलर करण्यात आलं आहे.

युरो कप चार वर्षांनी होतो, आशिया कपही चार वर्षांनी. मग आफ्रिकेनं तसं केलं तर बिघडलं कुठे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचं उत्तर शोधायला या स्पर्धेचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

स्पर्धा सुरू कशी झाली?

१९५७ मध्ये सुदानची राजधानी खार्टूममध्ये कॅफची स्थापना झाली आणि तिथेच पहिली स्पर्धा भरली. तेव्हा आफ्रिकेतले बहुतेक देश स्वतंत्रही झाले नव्हते. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे चार संस्थापक देश. पण वर्णभेदी दक्षिण आफ्रिका कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय खेळाडूंचा मिळून एक संघ पाठवायला तयार नव्हती, त्यामुळे ती स्पर्धेबाहेर गेली. उरलेल्या तीन संघांत मिळून फक्त दोन सामने झाले आणि इजिप्त विजेता ठरला.

पुढे १९६६ च्या वर्ल्ड कपवर आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला. कारण त्या वेळी आफ्रिकेला वर्ल्ड कपमध्ये एकही हक्काची जागा नव्हती. पात्रता फेरी जिंकणाऱ्या आफ्रिकी संघाला आणखी दुसऱ्या खंडांतल्या संघांशी झगडावं लागणार होतं. बहिष्काराचा परिणाम झाला आणि १९७० पासून आफ्रिकेची एक जागा पक्की झाली. २०२६ च्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेच्या थेट जागा ९ आहेत.

म्हणजे आफ्रिकेत फुटबॉल हा सुरुवातीपासूनच नुसता खेळ नव्हता. 'आमचं आम्ही ठरवू' हे सांगण्याची ती एक जागा होती. आताच्या घोषणेवर तिथे इतकी तीव्र प्रतिक्रिया का उमटली, ते यातून कळतं.

दोन वर्षांनीच का खेळायचे?

१९६८ पासून ही स्पर्धा साधारण दर दोन वर्षांनी होत आली आहे. याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण पैशाचं. कॅफच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा याच स्पर्धेतून येतो. युरोपच्या महासंघाकडे चॅम्पियन्स लीगसारखी दरवर्षी पैसा देणारी क्लब स्पर्धा आहे. कॅफकडे त्या तोलाचं दुसरं काही नाही. लहान देशांच्या फुटबॉल संघटना महासंघाकडून येणाऱ्या पैशावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

दुसरं कारण संधीचं. केप व्हर्डे हा जेमतेम ५ लाख लोकवस्तीचा बेटांचा देश. तो २०१३ मध्ये पहिल्यांदा आफकॉन खेळला आणि पहिल्याच फटक्यात उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. आता तो २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला आहे. १० लाखांहून कमी लोकसंख्येच्या कोमोरोसनं जानेवारी २०२२ मध्ये याच स्पर्धेत चार वेळच्या विजेत्या घानाला ३-२ असं हरवलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा संधी मिळते, म्हणून असे संघ शिकत शिकत वर येतात. तीच संधी चार वर्षांनी येणार असेल, तर खेळाडूंची एक अख्खी पिढी एखाद्याच स्पर्धेत संपू शकते.

मग युरोपातल्या क्लबना अडचण काय?

इथे क्रिकेट आणि फुटबॉल यांच्यातला एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा. क्रिकेटमध्ये परदेशी लीग खेळायची असेल तर खेळाडूला आपल्या देशाच्या बोर्डाकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. फुटबॉलमध्ये हे बरोबर उलटं आहे. खेळाडूला वर्षभर पगार क्लब देतो आणि ठरलेल्या तारखांना त्याला देशासाठी सोडणं हे फिफाच्या नियमानुसार क्लबवर बंधनकारक असतं.

युरो कप जून-जुलैमध्ये होतो. तेव्हा युरोपातल्या लीगना सुट्टी असते, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. आफकॉन मात्र बहुतेक वेळा जानेवारीत होते, म्हणजे युरोपातला हंगाम ऐन रंगात असताना. क्लबचे महत्त्वाचे खेळाडू महिनाभर निघून जातात आणि मग प्रशिक्षकांची कुरकुर सुरू होते.

आफ्रिकेनं तारखा बदलून पाहिल्या नाहीत असंही नाही. २०१९ ची स्पर्धा इजिप्तमध्ये जून-जुलैमध्येच झाली. पण कॅमेरून किंवा आयव्हरी कोस्टमध्ये त्या दिवसांत आपल्यासारखाच पाऊस असतो. भर पावसाळ्यात महिनाभराची स्पर्धा भरवणं तिथे अवघड, म्हणून पुढच्या दोन स्पर्धा पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत गेल्या.

मोरोक्कोत मात्र पावसाची अडचण नव्हती. उन्हाळ्यात स्पर्धा सहज झाली असती. पण २०२५ च्या जून-जुलैमध्ये फिफानं आपला वाढवलेला ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप अमेरिकेत ठेवला आणि आफकॉन डिसेंबरात ढकलली गेली. इतकंच नाही, तर क्लबनी खेळाडू सोडण्याची तारीखही फिफानं ८ डिसेंबरवरून १५ डिसेंबर केली. संघांना एकत्र सरावासाठी जेमतेम आठवडा मिळाला. म्हणजे तारखांचा घोळ जिथून झाला, त्याची किंमत भलत्यांनीच मोजली.

चार वर्षांची कल्पनाही नवी नाही. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्टिनो यांनी २०२० मध्ये मोरोक्कोतल्याच एका बैठकीत ती मांडली होती. तेव्हा ती पुढे सरकली नाही. २०२१ मध्ये इतर तीन उमेदवारांनी माघार घेतल्यावर मोत्सेपे बिनविरोध अध्यक्ष झाले आणि आता ती प्रत्यक्षात येत आहे. मालीचे बेल्जियन प्रशिक्षक टॉम सेंटफीट यांच्यासह अनेकांनी या निर्णयावर उघड टीका केली आहे. युरोपच्या दबावापुढे मान तुकवल्याचा त्यांचा आरोप आहे. मोत्सेपे यांचं म्हणणं वेगळं आहे. खेळाडूंवरचा ताण कमी होईल, जगाच्या वेळापत्रकाशी मेळ बसेल आणि नेशन्स लीगमुळे दरवर्षी पैसा येईल, असं ते सांगतात.

भातकुलीचा कापूस आणि मालीचा फुटबॉलपटू

हे सगळं वऱ्हाडातल्या वाचकाला दूरचं वाटू शकतं. पण यातलं गणित इथल्या माणसाला चांगलंच ओळखीचं आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्याचा मोठा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारं, शेती बरीचशी पावसाच्या भरवशावर आणि पिकं कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा. ब्रिटिश काळात वऱ्हाडाचा कापूस रेल्वेनं मुंबईला आणि तिथून लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा. पिकवायचं इथे, त्याचं सोनं व्हायचं तिकडे. आजही भावावर न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचा परिणाम होतो. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. वेचणी आणि विक्री नेमकी त्याच महिन्यांत असते. निर्णय घेताना भातकुलीला कुणी विचारलेलं नसतं.

मोरोक्कोतल्या या स्पर्धेत खेळलेले माली, बुर्किना फासो आणि बेनिन हे तीन संघ अशाच कापसाच्या देशांतून आले आहेत. चाडसह या चौघांना जागतिक व्यापार संघटनेत 'कॉटन फोर' म्हणतात. श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानामुळे आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो, ही तक्रार त्यांनी २००३ मध्ये तिथे एकत्र मांडली होती. कापसासारखेच या देशांचे खेळाडूही कच्च्या मालासारखे बाहेर जातात.

महाराष्ट्रानं हे जवळून पाहिलं आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घानानं नायजरला २-० असं हरवलं होतं. माली तर त्या वयोगटातला आफ्रिकेचा विजेता संघ होता आणि त्यानं याच मैदानावर स्पेनविरुद्ध उपांत्य सामना खेळला. त्या संघातला मोहम्मद कमारा काही महिन्यांतच ऑस्ट्रियाच्या साल्झबर्ग क्लबकडे आणि पुढे फ्रान्सच्या मोनॅकोकडे गेला. गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींना डेम्पोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली हे नायजेरियन खेळाडू आजही आठवतात. युरोपाइतका मोठा नसला तरी तोही याच प्रवाहाचा एक फाटा.

घडवणाऱ्याच्या हाती काय उरतं?

फिफाचा एक नियम आहे. करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबना वाटायचे.

समजा, एक खेळाडू १०० कोटी रुपयांना विकला गेला. त्यातले ५ कोटी अशा सगळ्या क्लबचे. पण वाटणी सारखी नसते. १२ ते १५ या चार हंगामांना मिळून यातला फक्त पाचवा हिस्सा, म्हणजे १ कोटी. बाकीचे ४ कोटी १६ ते २३ या वयाचे. आणि १८ वर्षं पूर्ण झाली की हुशार मुलगा युरोपात गेलेलाच असतो. म्हणजे त्या चार कोटींतलाही मोठा वाटा तिकडच्याच क्लबकडे जातो. जिनिंगच्या दारात कापूस ओतून आलेल्या शेतकऱ्याला शर्टाची किंमत पाहून जे वाटतं, तेच माली किंवा सेनेगलमधल्या छोट्या क्लबला वाटत असेल.

यावर आफ्रिकेनं काही उपाय केला का?

केला. २००९ मध्ये कॅफनं 'चान' ही वेगळी स्पर्धा सुरू केली. तिची अट एकच, खेळाडू आपल्याच देशातल्या लीगमध्ये खेळणारा हवा. म्हणजे माल इथला आणि बाजारही इथलाच. ऑगस्ट २०२५ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडात ती झाली आणि नैरोबीतल्या अंतिम सामन्यात मोरोक्कोनं मादागास्करला ३-२ असं हरवलं.

पण तिकडे प्रायोजक आणि टीव्हीचा पैसा तितका वळत नाही, कारण नावाजलेले चेहरे तिथे नसतात. अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभा राहतोय, त्यामागचा विचारही 'इथल्या कापसाचं कापड इथेच' असाच आहे. विचार बरोबर असला तरी मोठा खरेदीदार दारात आणणं हेच खरं अवघड काम असतं, हे दोन्हीकडे दिसतं.

आता पुढे काय पाहायचं?

चार वर्षांची स्पर्धा मुळात वाईट आहे असं नाही. यजमान देशावर स्टेडियम बांधण्याचा बोजा कमी होईल, स्पर्धेची किंमतही वाढेल. खरी कसोटी नेशन्स लीगची आहे. दरवर्षी होणाऱ्या या लीगला पुरेसे प्रायोजक मिळाले आणि तो पैसा कोमोरोस, बेनिनसारख्या संघटनांपर्यंत पोहोचला, तर मोत्सेपे यांचा हिशेब जमेल. नाही जमला, तर दोन वर्षांनी येणारं हक्काचं उत्पन्नही गेलं आणि बदल्यात काहीच आलं नाही, असं होईल.

दुसरी गोष्ट तारखांची. आफ्रिकेनं एक पाऊल मागे घेतल्यावर फिफा आणि युरोपचे क्लब आफकॉनच्या तारखांचा मान ठेवतात का, हे २०२७ च्या स्पर्धेतच दिसेल.

या स्पर्धेत सुदानचा संघही खेळला. पहिली आफकॉन त्यांच्याच राजधानीत झाली होती. एप्रिल २०२३ पासून तिथे यादवी युद्ध सुरू आहे. पात्रता फेरीचे 'घरचे' सामनेही या संघाला परदेशात खेळावे लागले आणि तरीही तो मोरोक्कोत पोहोचला. अशा देशासाठी दोन वर्षं आणि चार वर्षं यांतलं अंतर नुसत्या वेळापत्रकातलं नसतं.