लक्षणांची यादी म्हणजे पुरावा नव्हे

मुलाला सांभाळणारी व्यक्तीच त्याच्या आजाराचा बनाव करते, प्रसंगी त्याला विष घालून आजारी पाडते, असे कोणी म्हटले की आपल्या सुशिक्षित समाजात दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक असे की, आईच्या हातून हे घडणे शक्यच नाही. हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. दुसरे असे की, अशा आयांची 'लक्षणे' आता ठरलेली आहेत. ती पाठ करावीत, म्हणजे त्या आपोआप सापडतील. मला दोहोंशी भांडावयाचे आहे, परंतु दुसऱ्याशी अधिक, कारण ते शास्त्राची वस्त्रे लेवून येते.

पहिल्याविषयी थोडक्यात. १९७७ साली लीड्स येथील बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. सहा वर्षांच्या एका मुलीच्या लघवीत रक्त सापडे. तिला पुनःपुन्हा दाखल करून, भूल देऊन, नळ्या घालून तपासण्यात आले. अखेर उमगले ते असे, की परिचारिकेने स्वतः घेतलेले नमुने स्वच्छ असत आणि आईच्या हाती राहिलेले नमुने दूषित. दुसऱ्या बालकाच्या रक्तातील मिठाचे प्रमाण एकाएकी वाढे. आईला दूर ठेवले की ते ठणठणीत होई. त्याच्या संरक्षणाची योजना आखली जात असतानाच एका रात्री ते दगावले. मातृत्वाची पूजा बांधणाऱ्यांनी या बालकाला काय उत्तर द्यावयाचे ते ठरवावे.

हा प्रश्न केवळ आयांचाही नाही. १९९१ साली इंग्लंडमधील ग्रँथम येथे बेव्हर्ली ॲलिट या परिचारिकेने वॉर्डातील चार मुलांचे प्राण घेतले व इतर अनेकांना इजा केली. तिला पकडून दिले ते तिच्या स्वभावचित्राने नव्हे. एका मुलाच्या रक्तात इन्सुलिनचे असाधारण प्रमाण आढळले म्हणून तपासाला दिशा मिळाली. नमुना कोणी घेतला, औषध कोणी दिले, त्या वेळी खाटेजवळ कोण होते, हे प्रश्न रुक्ष आहेत, परंतु गुन्हा उघडकीस येतो तो त्यांच्याच उत्तरांनी.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ज्या मेडोंनी तो पहिला निबंध लिहिला, तेच १९९९ साली सॅली क्लार्क यांच्या खटल्यात साक्षीला उभे राहिले. आरोप आजाराच्या बनावाचा नव्हता, दोन अर्भकांच्या खुनाचा होता. पण संशयाची घडण तीच. धूम्रपान न करणारे, मिळवते आणि आईचे वय सव्विसाहून अधिक असलेले घर घेतले, तर अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूची शक्यता ८,५४३ त एक. दोन मृत्यूंची म्हणून तिचा वर्ग करावयाचा, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक! अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याने असा गुणाकार केला असता तर मी त्याला उभे केले असते. एकाच घरातील दोन मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र कसे? आनुवंशिक दोष, घरातील हवा, संसर्ग हे दोघांनाही समानच असणार. आणि दोन मृत्यू दुर्मिळ म्हणून खून संभाव्य, हे अनुमान कोठून आले? एकाच आईने दोन अर्भकांचे खून करणे हेही तितकेच दुर्मिळ आहे. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली जाहीरपणे आक्षेप घेतला. जंतुतपासणीचे दडून राहिलेले निष्कर्ष बाहेर आल्यावर २००३ साली त्या निर्दोष सुटल्या. २००७ साली वारल्या. मेडो यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून २००५ साली काढण्यात आले, ते पुढच्याच वर्षी न्यायालयाने परत घालावयास लावले.

त्या आकड्यातील एक गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही. घर जितके सुस्थित, तितकी नैसर्गिक मृत्यूची शक्यता कमी आणि तितका आईवर संशय अधिक! गरिबाच्या घरचे मूल गेले तर आश्चर्य नाही, असे त्या गणिताने गृहीतच धरले होते.

याद्यांचेही गणित मांडून पाहू. १९९२ ते १९९४ या काळात ब्रिटन व आयर्लंडमध्ये झालेल्या पाहणीत बनावट आजार, विषप्रयोग व गुदमरवणे यांचे एकत्रित प्रमाण, एक वर्षाखालील मुलांत, दर लाखी निदान २.८ असे निघाले. तीन धरा. समजा, एखादी कसोटी इतकी अचूक आहे की निर्दोष पालकांपैकी शंभरांत एकावरच ती चुकीने बोट ठेवते. तर लाख अर्भकांमागे दोषी तीन आणि नाहक संशयित सुमारे एक हजार! कोणी म्हणेल, कसोटी सर्वांना लावत नाहीत, कोड्यात टाकणाऱ्या आजारांपुरतीच लावतात. मान्य, त्याने प्रमाण सुधारेल. परंतु कोड्यात टाकणारा आजार पुष्कळदा खराच, पण दुर्मिळ असतो. आणि अशा मुलाची आई काय करते? डॉक्टर बदलते, वैद्यकीय शब्द शिकते, खाटेपासून हलत नाही, 'काही नाही' हे उत्तर स्वीकारीत नाही. यादीतही नेमके हेच लिहिलेले असते. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०२१ च्या मार्गदर्शिकेत या चिन्हांना 'सावधगिरीची चिन्हे' म्हटले. व्यवहारात मात्र अपंग मुलांसाठी सेवा मागणाऱ्या, तक्रारी करणाऱ्या पालकांवर ती उलटतात, अशी तेथील समाजकार्यकर्त्यांची तक्रार आहे. सरकारी सेवांना कात्री लागलेली असताना, अधिक मागणारी आई संशयास्पद ठरणे प्रशासनाला किती सोयीचे!

आपल्याकडे तर खऱ्या ओळखीची साधनेच नाहीत. कित्येक सार्वजनिक रुग्णालयांत लघवीचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पोचवणे, औषध पाजणे, सलाईनवर नजर ठेवणे ही कामे नातेवाइकांवरच पडतात, कारण परिचारिका एकटी आणि वॉर्ड भरलेला. मेडोंना जो भेद सापडला, तो अशा वॉर्डात सापडणे अशक्य. खासगी क्षेत्राची तऱ्हा निराळी. पाच दवाखान्यांचे कागद पाच ठिकाणी, आणि प्रत्येक नवी तपासणी हे नवे उत्पन्न. आईने खोटे सांगितले तरी सुई मुलाला टोचणारा हात वैद्याचा असतो, आणि त्या टोचण्याचे बिलही होते. बनाव करणाऱ्याला असा बाजार मिळाल्यावर आणखी काय हवे?

कायदा अगदीच नाही असे नव्हे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ७५ ताब्यातील मुलाशी क्रौर्य करणाऱ्याला शिक्षा सांगते. पण त्या कलमाखाली जावयाचे तर नमुना परिचारिकेने घेतलेला हवा, मुलाच्या सर्व उपचारांची नोंद एका जागी हवी, आणि निष्कर्ष एकट्या तज्ज्ञाचा नको. परिचारिकांच्या रिक्त जागा भरण्याची मागणी आजवर आपण वेतनाच्या आणि कामाच्या तासांच्या संदर्भात केली. ती आता बालसंरक्षणाच्या नावानेही विधिमंडळात मांडावी, आणि आरोग्यमंत्र्यांना विचारावे की बालरोग वॉर्डात रात्रपाळीला किती खाटांमागे एक परिचारिका असते.