आतल्या वळणाचे काम

आमच्या आदिलाबादेतील एका स्नेह्यांनी परवा विचारले, “गुरुजी, निवृत्त झालो, आता नातवासाठी घरीच लाकडाची खेळणी करावीत म्हणतो. टेबलावर ठेवायचा स्पिंडल सँडर घेऊ का?”

मला निर्मलचे कारागीर आठवले. २०१६ पर्यंत निर्मल आमच्याच जिल्ह्यात होते. पोनिकीचे मऊ, हलके लाकूड कोरावे, कानशीने गोलाई आणावी, चिंचोक्याच्या खळीने अवयव जोडावेत, अशी तेथील रीत.

सरळ कडेला रंधा पुरतो. कसोटी लागते ती आतल्या वळणावर. या यंत्रात पॉलिशपेपरची नळी दांड्यावर फिरते आणि फिरता फिरता खाली-वरही होते. त्यामुळे कागद एकाच पट्ट्यात झिजत नाही, लाकूड करपत नाही आणि चरेही कमी उमटतात.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. दांडे निरनिराळ्या जाडीचे असावेत, कारण नळी वळणाहून बारीकच हवी. त्या मापाच्या नळ्या पुढेही मिळत राहाव्यात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : धूळ ओढून घेण्याची सोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली आहे. आणि आमच्या स्नेह्यांचा नातू तर आजोबांना खेटूनच बसतो!

मी म्हटले, “पहिला घोडा कानशीनेच करा, तोही अंगणात, तोंडाला मास्क लावून. वळणे वारंवार येऊ लागली तर यंत्र घ्या; पण धूळ ओढणाऱ्या यंत्राचे पैसे आधी बाजूला काढा. खेळण्यापेक्षा खेळणारा मोलाचा.”